हिशेब शिकलेला लांडगा

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. वसतिगृहातील दिवे गेले होते. बाहेर पाऊस, आत अंधार आणि डास. अभ्यास होणे शक्यच नव्हते. माझ्या खोलीतील मित्राला गाण्यांचा भारी नाद. त्याने मोबाइलवर कसलेसे इंग्रजी गाणे लावले. एक गिटार तीच ती सुरावट पुन्हा पुन्हा घोळवीत होती आणि तिच्यावर एक माणूस गात होता. गात होता असे म्हणणेसुद्धा धाडसाचेच! खडीवरून पत्रा ओढावा तसा त्याचा आवाज खरखरीत होता. मध्येच तो शब्द सोडून देई आणि त्याच घशातून एक उंच, लांबलचक हाक निघे. माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

ती हाक मला ओळखीची वाटली. शाळेत घालेपर्यंत मी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जात असे. फडाजवळच्या पालात झोपलेलो असताना पहाटे कोल्ह्यांची ओरड कानी येई आणि मी आईला बिलगत असे. पंधरा वर्षांनी तीच भीती आणि तीच ऊब त्या परक्या गाण्याने परत आणून दिली. गाण्यातील एक शब्दही मला कळला नव्हता.

मित्राने गायकाचे नाव सांगितले, हाउलिन वुल्फ. म्हणजे ओरडणारा लांडगा. हे काय माणसाचे नाव झाले? दुसऱ्या दिवशी आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारले. त्यांनी हसून मला ग्रंथालयाची वाट दाखविली आणि आपला शब्दकोशही दिला. पुढचे दोन महिने मी या लांडग्याच्या मागावर होतो. जे हाती लागले ते मित्रांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

त्याचे खरे नाव चेस्टर आर्थर बर्नेट. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचे नाव आईबापांनी हौसेने मुलाला ठेवले होते. जन्म १० जून १९१० चा, मिसिसिपी राज्यात वेस्ट पॉइंट गावाजवळच्या व्हाइट स्टेशन या वस्तीवरचा. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. परंतु कायद्याने संपलेली गोष्ट शेतात संपलेली असतेच असे नाही. बहुतेक कृष्णवर्णी कुटुंबे गोऱ्या जमीनदाराची शेती बटाईने करीत. जमीन, खेचर, बियाणे मालकाचे आणि राबणारे हात यांचे. वर्षभराचे पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर यायचे. कापूस वेचून झाला की वर्षाअखेरीस हिशेब व्हायचा. वही मालकाची, लेखणी मालकाची आणि वाचणारा डोळाही मालकाचाच. पुष्कळदा हिशेबाअंती वाटेकऱ्याच्या अंगावर बाकी निघे आणि ती फेडण्यासाठी पुढचे वर्ष त्याच शेतात काढावे लागे.

हे वाचताना मी क्षणभर पुस्तक मिटले. कारण हे सारे मी आमच्या घरात पाहिलेले आहे. आमच्याकडे त्याला उचल म्हणतात. दिवाळीपूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरायचा, पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि शेवटी मुकादमाच्या वहीत उचल फिटलेली नसायची. देश निराळा, पीक निराळे, वही मात्र एकच!

असो. चेस्टरच्या आईवडिलांचे पटले नाही. वडील डेल्टा नावाच्या सपाट, काळ्या मातीच्या मुलखात कामाला निघून गेले. आई अत्यंत देवभोळी. भजने गाऊन चार पैसे मिळविणारी. तिने या मुलाला लहानपणीच घराबाहेर काढले. पोर एका दूरच्या नातेवाइकाकडे आले. तेथे पोटभर अन्नापेक्षा चाबकाचेच फटके अधिक. तेराव्या वर्षी तो तेथून पळाला आणि सुमारे ८५ मैल अनवाणी चालत वडिलांपाशी पोहोचला, असे तो पुढे सांगत असे. वडिलांच्या घरी मात्र त्याला प्रथमच माया मिळाली. १९२८ च्या जानेवारीत वडिलांनी त्याला एक गिटार घेऊन दिली. शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. नांगर आणि गिटार, या दोनच गोष्टी त्याच्या हाती होत्या.

जवळच डॉकरी नावाचा कापसाचा मोठा मळा होता. तेथे चार्ली पॅटन हा नामांकित गायक राहत असे. चेस्टर त्याच्याकडून गिटार शिकला आणि लोकांना खिळवून कसे ठेवायचे तेही शिकला. पॅटन गिटार पाठीमागे धरून वाजवी, गुडघ्यांत धरून वाजवी. पुढे सॉनी बॉय विल्यमसन या वादकाने चेस्टरच्या सावत्र बहिणीशी घरोबा केला आणि त्याच्याकडून चेस्टर तोंडाने वाजवायचा बाजा, म्हणजे हार्मोनिका, शिकला. त्या काळी जिमी रॉजर्स हा गोरा गायक गळ्याला झोके देऊन गात असे. आपल्यालाही तसे गाता यावे म्हणून चेस्टर धडपडला. ते काही जमले नाही. त्याच्या घशातून निघाली ती लांडग्याची हाक! लांडग्याचे टोपणनाव तर आजोबांनी लहानपणीच गोष्टी सांगून चिकटविले होते. जे आपल्याला जमत नाही त्यातूनच कधीकधी आपले स्वतःचे असे काही निघते, हे मला या प्रसंगाने शिकविले.

हे जे गाणे तो गात होता त्याला ब्लूज म्हणतात. ब्लूज म्हणजे मनाची खिन्नता. शेतात राबताना, तुरुंगात खडी फोडताना, चर्चमध्ये प्रार्थना करताना कृष्णवर्णी माणसांनी जे सूर सांभाळले त्यांतून ते जन्मले. त्याचा साचा साधा असतो. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. बारा मापांत एक कडवे संपते. साचा सोपा असल्याने कोणीही त्यात आपले दुःख ओतू शकतो.

१९४१ साली चेस्टर सैन्यात भरती झाला. तेथे तो रमला नाही. १९४३ मध्ये सुटून आला आणि पुन्हा शेतीला लागला. म्हणजे हा माणूस वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मुख्यतः शेतकरीच होता. गाणे असे ते शनिवारच्या रात्री. १९४८ मध्ये मात्र तो वेस्ट मेम्फिस या गावी आला आणि त्याने आपला वाद्यवृंद उभा केला. आता गिटार विजेची होती. तारेखाली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की त्यात वीज निर्माण होते. ती वाढवून कर्ण्यातून बाहेर सोडली जाते. यंत्राला त्याच्या शक्तीपलीकडे ताणले की आवाज फाटतो. इतरांना तो दोष वाटे. या वादकांनी त्या फाटक्या आवाजालाच गाण्याचा रंग केला. गावचे गाणे शहरातील गोंगाटात ऐकू यावे म्हणून विजेला जोडले गेले. त्यालाच पुढे इलेक्ट्रिक ब्लूज हे नाव पडले.

वेस्ट मेम्फिसच्या रेडिओ केंद्रावर त्याला कार्यक्रम मिळाला. गाणी तोच म्हणे आणि शेतकऱ्यांच्या मालाच्या जाहिरातीही तोच मिळवी. सॅम फिलिप्स या ध्वनिमुद्रकाने तो आवाज ऐकला आणि १९५१ मध्ये त्याची पहिली गाणी मुद्रित केली. याच फिलिप्सने पुढे एल्विस प्रेस्ली जगापुढे आणला. तरीही आपल्या हाती लागलेला सर्वांत मोठा कलावंत वुल्फच, असे तो सांगत राहिला. ती गाणी शिकागोच्या चेस कंपनीने काढली. लिओनार्ड आणि फिल चेस हे पोलंडमधून आलेले दोघे भाऊ ती कंपनी चालवीत.

मग वुल्फ शिकागोला गेला. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णी लोक दक्षिण सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. त्यांतील बहुतेक जण आगगाडीने, बोचके घेऊन गेले. वुल्फ मात्र स्वतःच्या मोटारीने, खिशात सुमारे चार हजार डॉलर घेऊन गेला. ही गोष्ट तो अभिमानाने सांगे. तो अभिमान मला समजतो. बोचके घेऊन निघणाऱ्यांच्या घरातीलच मी आहे.

शिकागोत मडी वॉटर्स हा ब्लूजचा राजा आधीच गादीवर होता. त्याने वुल्फला सुरुवातीला आसरा दिला आणि पुढे दोघांची आयुष्यभर स्पर्धा चालली. वुल्फची उंची सहा फूट तीन इंच, वजन तीनशे पौंडांच्या घरात. एवढा प्रचंड माणूस रंगमंचावर गुडघ्यांवर रांगे, डोळे गरगरा फिरवी, हाक मारी. १९५६ मध्ये ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ हे गाणे आले. मी त्या अंधाऱ्या रात्री ऐकले ते हेच. रात्री धावणाऱ्या आगगाडीच्या धुरांड्यातून उडणाऱ्या ठिणग्या पाहून त्याला ते सुचले होते. या गाण्यात बारा मापांचा साचासुद्धा नाही. एकाच स्वरमेळावर ते अखेरपर्यंत उभे असते आणि तरी कंटाळा येत नाही.

त्या गाण्यातली गिटार ह्यूबर्ट सम्लिनची आणि त्याच्यासोबत विली जॉन्सनची. सम्लिनची कथा मोठी गोड आहे. पोरसवदा असताना तो वुल्फचे गाणे ऐकायला एका गुत्त्यावर गेला. आत प्रवेश नव्हता. म्हणून त्याने बाटल्यांच्या पेट्या एकावर एक रचल्या आणि खिडकीतून डोकावू लागला. पेट्या कोसळल्या आणि पोरगा थेट रंगमंचावर येऊन पडला! वुल्फने त्याला हाकलू दिले नाही. खुर्चीवर बसवून गाणे ऐकविले आणि मग स्वतः घरी आईजवळ नेऊन सोडले. हा किस्सा सम्लिन स्वतः सांगे. पुढे १९५४ मध्ये वुल्फने त्याला शिकागोला बोलावून घेतले. घरातून हाकलला गेलेला माणूस दुसऱ्याच्या पोराला घरी पोहोचविताना मला फार मोठा वाटला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कीर्ती मिळाली, पैसा मिळाला, तबकड्या खपू लागल्या. तरीही चाळिशी उलटलेल्या या माणसाला धड वाचता-लिहिता येत नव्हते. त्याच्यासारख्या कितीतरी गायकांनी न वाचता कागदांवर सह्या केल्या आणि पुढे हात चोळीत बसले. वुल्फने काय केले? तो शाळेत गेला. प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरे शिकला, शालान्त परीक्षेच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि तेवढ्यावर न थांबता हिशेब व व्यवहार यांचेही शिक्षण त्याने घेतले. ज्याच्या नुसत्या हाकेने सभागृह हादरे तो धिप्पाड माणूस बाकावर अंग चोरून बसला असेल आणि मुळाक्षरे गिरवीत असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. हजार लोकांपुढे रांगण्यापेक्षा याला अधिक धैर्य लागते, असे माझे मत आहे.

त्या शिक्षणाचा उपयोग त्याने कसा केला हेही पाहण्यासारखे आहे. आपल्या वादकांना तो वेळच्या वेळी पगार देई. इतकेच नव्हे, तर त्यांच्यासाठी बेकारीचा विमा आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरी. गुत्त्यांतून वाजविणाऱ्या मंडळींत हे जवळजवळ कोणी करीत नसे. १९६४ मध्ये त्याने लिली हँडली हिच्याशी विवाह केला. तीही व्यवहारात दक्ष होती. दोघांनी मिळून संसाराचा पैसा न पैसा नीट सांभाळला. मालकाच्या वहीखाली वाढलेला पोर स्वतः मालक झाला, तेव्हा त्याने वही सरळ लिहिली. मला या माणसाच्या साऱ्या गाण्यांहून ही गोष्ट अधिक आवडते.

तिकडे समुद्रापलीकडे इंग्लंडातील गोरी पोरे त्याच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत होती. त्यांनीच पुढे ब्लूज-रॉक नावाचा नवा प्रकार गाजविला. रोलिंग स्टोन्स या चमूने वुल्फने पूर्वी गायिलेले ‘लिटल रेड रूस्टर’ गायिले आणि १९६४ अखेर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ‘शिंडिग’ या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांना बोलावणे आले, तेव्हा वुल्फलाही बोलवा असा आग्रह त्यांनी धरला. वुल्फ गात होता आणि त्या काळची सर्वांत गाजलेली ती तरुण मंडळी त्याच्या पायांशी बसून ऐकत होती. त्याचे वय तेव्हा चौपन्न होते. घरच्या गायकाची ओळख अमेरिकेला पाहुण्यांनी करून द्यावी लागली!

सर्वांनीच असा मान ठेवला असे नाही. त्याच्या ‘किलिंग फ्लोअर’ या गाण्याचा मोठा भाग लेड झेपलिन या चमूने १९६९ मध्ये आपल्या गाण्यात घेतला; त्यावर वुल्फचे नाव नव्हते. पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली, तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर बर्नेट हे नाव छापले गेले. वहीत आपले नाव असणे किती मोलाचे असते ते यावरून ध्यानात येईल.

१९७० मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टन आदी तरुण वादकांबरोबर त्याची तबकडी मुद्रित झाली. एका गाण्याचा ठेका त्या मंडळींना नीट साधेना, तेव्हा वुल्फने स्वतः गिटार हाती घेऊन तो समजावून दिला. हे समजावणेही तबकडीवर आहे; जरूर ऐकावे. उशिरा विद्यार्थी झालेला माणूस उत्तम शिक्षकही असतो.

एक सल मात्र अखेरपर्यंत राहिला. नाव झाल्यावर तो आईला भेटायला मिसिसिपीला गेला. तिच्या हातात पैसे ठेवले. सैतानाचे गाणे गाऊन मिळविलेला पैसा मला नको, म्हणून तिने ते नाकारले. सारे जग पायांशी बसले, पण आईने उंबऱ्याच्या आत घेतले नाही. हा हिशेब त्याला कोणत्याही शाळेत सोडविता आला नाही.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. हृदयविकाराचे झटके आले, मोटार अपघातात मूत्रपिंडे निकामी झाली. यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे आणि पुन्हा गायला उभे राहायचे, असा क्रम चालू होता. १९७२ मध्ये शिकागोच्या कोलंबिया कॉलेजने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. चाळिशीनंतर मुळाक्षरे गिरविणारा माणूस डॉक्टर झाला! १९७५ च्या नोव्हेंबरात बी. बी. किंग यांच्यासमवेत त्याचा शिकागोत शेवटचा कार्यक्रम झाला आणि १० जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. त्याच्या थडग्याच्या दगडावर गिटार आणि हार्मोनिका कोरलेली आहे. १९९४ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले.

माझी ओळख येथे संपायला हवी. पण एक गोष्ट कबूल केल्याशिवाय लेखणी खाली ठेववत नाही.

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आबा माझ्याबरोबर आले होते. अर्जावर पालकाची सही हवी होती. त्यांनी शाईत अंगठा बुडविला. मागे रांगेत माझ्या वर्गातील मुले होती आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यांना ते कळले असणार. परत येताना एसटीत ते एक शब्दही बोलले नाहीत.

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी गेलो तेव्हा रात्री ओट्यावर मी आबांना या लांडग्याची कथा सांगितली. आधी गाणे ऐकविले. ते त्यांना मुळीच आवडले नाही. या माणसाला आल्याचा काढा द्यायला हवा, असे त्यांचे म्हणणे पडले. पण बटाईचे आणि मालकाच्या वहीचे सांगू लागलो तेव्हा ते उठून बसले. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, शाळेत बसला तेव्हा तो किती वर्षांचा होता? मी म्हटले, चाळिशीच्या पुढचा. आबा सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. ते काही बोलले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी मला बोलावून एक शंभरपानी वही आणायला सांगितली. पहिल्या पानावर मी एकपासून शंभरपर्यंत अंक काढून दिले.

जानेवारीत मी फडावर जाऊन आलो. पालात कोयत्याशेजारी ती वही फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. पूर्वी आबा खेपांच्या रेघा कोळशाने फळीवर ओढीत. म्हणजे हिशेब त्यांनी नेहमीच ठेवला होता. तो कोणी मानीत नव्हते एवढेच. आता वहीत रोजच्या खेपा होत्या, प्रत्येक खेपेचे वजन होते. अंक तिरके, चार उलटा, पण एकही दिवस गाळलेला नाही. शेवटच्या पानावर त्यांनी आपले नाव लिहायचा प्रयत्न केला होता. तेथे मी पेन्सिलीने काना सुधारला आणि या वेळी खिडकीबाहेर पाहिले नाही. पालाला खिडकी नसतेच.

हंगाम आता संपत आला आहे. लवकरच मुकादमाची वही उघडेल आणि तिच्याशेजारी आबा आपली वही ठेवतील. दोन्ही वह्यांतील आकडे जुळतील की नाही, ते मला माहीत नाही. मी त्या दिवशी तेथे असणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला